गुप्त मतदान, उघडी टोली

निकालानंतरचा आठवडा. ब्रह्मपुरीतल्या एका टपरीवर चहा घेत होतो. बाकावर एक कार्यकर्ता, शेजारी जंगलकाठच्या टोलीतून, म्हणजे छोट्या वस्तीतून, आलेला धानाचा शेतकरी. कार्यकर्त्याने मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. ‘‘हे पाय भाऊ, तुमचा बूथ. टोलीनं आमाले दगा देल्ला गा! आता नालीचं काम कोनाले सांगता?’’ शेतकरी बशीतल्या चहाकडे बघत राहिला.

मतदान गुप्त असतं, याचा आपल्याला केवढा अभिमान! पुठ्ठ्याच्या आडोशाला जायचं, बटण दाबायचं; व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दर्शन देऊन पेटीत पडते. बायको नवऱ्याला सांगत नाही. मग यंत्रागणिक मोजणी होते आणि नमुना 20 मध्ये बूथवार आकडे जाहीर! शहरातल्या बूथवर माणूस हजाराच्या गर्दीत दडतो. एका टोलीच्या बूथवर दडायचं कुणाच्या पाठीमागे?

कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा पेट्या एकत्र मिसळून मोजायची सोय होती. यंत्र आलं, मिसळण गेली. 2008 साली निवडणूक आयोगानेच चौदा यंत्रांची मतं एकत्र मोजणारा ‘टोटलायझर’ सुचवला. 2015 मध्ये विधी आयोगानेही मान डोलावली. केंद्र सरकारचं सर्वोच्च न्यायालयात म्हणणं मात्र असं, की बूथवार आकडे कळलेले बरे; कुठं कमी पडलो ते समजतं, तिथं जास्त काम करता येतं. टपरीवर ते जास्त काम सुरूच होतं!

गोपनीयता कशी पाळावी, हे आमच्याच जिल्ह्यातल्या राजुऱ्याकडून शिकावं. ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेआधी तिथं नव्या मतदारांचे 7,592 अर्ज आले. तपासणीत 6,861 अपात्र ठरून फेटाळले गेले, गुन्हा नोंदवला गेला. हे अर्ज भरणारे कोण, ते शोधायला पोलीस लावावे लागले. टोलीतला खरा मतदार शोधायला एक मोबाइल पुरतो.

तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती कुणालाही करता येत नाही, असं 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 94 म्हणतं. तेव्हा कार्यकर्त्याने विचारलं तर गप्प राहा. पण पुढच्या खेपेला उमेदवार दारी आला, की नालीच्या आधी त्याला विचारा: ‘‘भाऊ, आमची मतं मिसळून मोजायचं कवा करता?’’