व्हिलावाले भाऊ

ज्यानं हुडकेश्वरला स्वतः प्लॉट घेतला, इसार दिला, रजिस्ट्री केली, डिमांड भरला आणि आरएल हातात पडेपर्यंत कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला या पृथ्वीवर कोणी फसवू शकत नाही, अशी त्याची स्वतःची पक्की समजूत असते. असल्याच माणसातून पुढे व्हिलावाले भाऊ तयार होतात. हे कुणा एकाचं नाव नाही. म्हाळगीनगर चौकातून पिपळा फाट्याकडे निघालं की डाव्या-उजव्या हाताला जेवढे लेआउट लागतात, त्या प्रत्येकात एक भाऊ असतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी नुकतीच संपलेली, पायात सँडल, बगलेत प्लास्टिकची फाइल. नातेवाइकांनी सुट्टीला मिळून कुठे जायचं म्हटलं की बंगला ठरवायचं काम आपोआप त्यांच्याकडे जातं. कोणी दिलं नाही तर ते घेतात.

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आमचा भाग वावरांवर वसला आहे. सोयाबीन आणि तूर निघाली, लेआउट पडले, लोकांनी पंधराशे फुटांचे तुकडे घेतले आणि ते नियमात बसवण्यात उमेद खर्ची घातली. गुंठेवारीचा कायदा 2001 सालचा. त्याखाली प्लॉट नियमित झाल्याचं नागपूर सुधार प्रन्यासचं पत्र म्हणजे आरएल. इकडे मुलीसाठी स्थळ आलं तर मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी घराला आरएल आहे का ते विचारतात. भाऊंचं जगाकडे पाहण्याचं भिंग हेच. गोव्याला बंगला घेताना त्यांनी दलालाला फोनवर पहिलाच प्रश्न टाकला होता, "पर्यटन खात्यात नोंद आहे का?" तिकडे 1982 च्या कायद्यानं अशी नोंद लागते, हे त्यांना कुठून कळलं होतं देव जाणे. दलालानं फोन ठेवला. भाऊंनी दुसऱ्याला लावला. नोंदीचा कागद दाखवणारा भेटला तेव्हाच आमचे सगळे लोक गोव्याला गेले. बंगल्यात माणसं किती मावली ते लिहीत नाही, कारण मालक मराठी वाचतो.

तर अशा भाऊंच्या भाचीनं, जी म्युनिकला असते, एक दिवस टूम काढली. आईबाबांची साठी आपण युरोपात करू. भूमध्य समुद्राच्या काठी एक व्हिला आठवडाभर भाड्यानं घेऊ, तिकडून आम्ही येतो, इकडून तुम्ही या. भाऊंच्या घरी बैठक बसली. वहिनींनी पाटवडी-रस्सा केला होता. भाऊंनी फाइलवर नवी चिठ्ठी डकवली, आणि इंग्रजीत मेल लिहायला म्हणून मला शेजारातून उचललं.

पहिली अडचण वास्तूची.

भाचीनं फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा नीसजवळचा एक देखणा बंगला पाठवला होता. गुलाबी भिंती, निळ्या झडपा, खाली समुद्र. भाऊंनी नकाशा मोठा करून पाहिला आणि चष्मा काढला. "बाबू, समुद्र दक्षिणेला आहे. म्हणजे बंगला दक्षिणमुखी झाला."

मी म्हटलं, भाऊ, आठ दिवसांचा प्रश्न आहे.

"आठ दिवसच त वाईट असतात."

इटलीचा अमाल्फी किनारा निघाला. जगातले श्रीमंत जिथे लग्नं लावतात तो. दक्षिणमुखी. तुर्कस्तानातलं अंताल्या, तेही दक्षिणमुखी. क्रोएशियाचा किनारा पश्चिमेला पाहतो, ते एकवेळ चाललं असतं, गोव्याला चाललंच होतं. पण साठीच्या कार्यक्रमाला मावळतीकडे तोंड नको, असं वहिनींनी आतून सांगितलं. उत्तरेला समुद्र, म्हणजे कुबेराची दिशा, हवी असेल तर ट्युनिशिया किंवा अल्जीरिया. तिथं जायला भाचीची तयारी नव्हती. एका संध्याकाळी, रश्शाची दुसरी वाटी संपायच्या आत, भूमध्य समुद्राचा निम्म्याहून अधिक काठ भाऊंनी बाद केला. युरोपातल्या ज्या राजेरजवाड्यांनी या किनाऱ्यावर दीडशे वर्षं हिवाळे काढले, त्यांना कोणी हे सांगितलं नव्हतं.

उरला स्पेनचा पूर्व किनारा. बार्सिलोनाच्या वरचा कोस्ता ब्रावा, समुद्र पूर्वेला, सूर्य पाण्यातून वर येतो. भाऊंच्या कपाळावरची आठी गेली. गाव निघालं बेगूर. "बेगूर त बंगलोरात आहे," भाऊ म्हणाले, कारण त्यांच्या साडूचा मुलगा तिथंच फ्लॅट घेऊन बसला आहे. हे दुसरं बेगूर. एकोणिसाव्या शतकात इथली माणसं क्युबाला गेली, तिकडे पैसा केला आणि परत येऊन गावात मोठमोठी घरं बांधली. ही हकीकत भाऊंना भयंकर आवडली. बाहेर कमावून गावात घर बांधणाऱ्यावर त्यांचा विश्वास चटकन बसतो.

मग तिथल्या एका बंगल्याच्या मालकिणीसाठी प्रश्नावली तयार झाली. मी ती इंग्रजीत उतरवली, यात माझा दोष नाही. बंगला कॉर्नरचा आहे का. समोरचा रस्ता किती फुटांचा. बोअर किती फूट खोल आणि उन्हाळ्यात पाणी कितीवर जातं. टँकर आत वळतो का. कूलर कोणत्या खिडकीला लागतो. मालकीणबाईंनी पाण्याच्या प्रश्नाला फार सविस्तर उत्तर दिलं आणि मी गप्प झालो. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर 2024 च्या फेब्रुवारीत त्या भागात, म्हणजे कातालोनियात, पाण्याची आणीबाणी जाहीर झाली होती, पोहण्याचे तलाव भरण्यावर बंधनं आली होती. जाहिरातीत निळाशार तलाव पाहून सगळे हरखतात. त्यात पाणी कुठून येतं हे विचारायला हुडकेश्वरचा माणूस लागतो, कारण त्यानं टँकरमागे गुंड-हंडे घेऊन धावण्यात उन्हाळे काढलेले असतात.

आणि शेवटचा प्रश्न, जाड अक्षरात: आरएल आहे का?

यावर घरातली तरुण मंडळी खो खो हसली होती. भाचीनं व्हिडिओ कॉलवर कपाळाला हात लावला. मामा, तिकडे असलं काही नसतं, म्हणाली. तिच्या नजरेत दुसरा एक बंगला होता, याहून स्वस्त, फोटो याहून सुंदर, फक्त पैसे थेट खात्यात पाठवा असं मालक म्हणत होता. भाऊ एकच वाक्य धरून बसले: "कागद दाखव म्हणा."

मे 2025 मध्ये स्पेन सरकारनं एअरबीएनबीला 65 हजारांहून अधिक जाहिराती काढून टाकायला सांगितल्याची बातमी आली. बहुतेकांवर परवान्याचा क्रमांकच नव्हता, काहींवर होता तो खोटा होता. त्या वर्षीच्या जुलैपासून तर राष्ट्रीय नोंदणी क्रमांकाशिवाय असं घर इंटरनेटवर भाड्यानं लावायला बंदी आली. इटलीनं त्याच वर्षीच्या जानेवारीपासून तसाच क्रमांक सक्तीचा केला. बार्सिलोना शहर तर 2028 अखेर पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या दहा हजार फ्लॅटचे परवानेच संपवणार आहे, कारण पाहुण्यांना जागा देता देता गावकऱ्यांना घर मिळेना. म्हणजे आरएल आहे. हुडकेश्वरला आहे आणि भूमध्य समुद्रालाही आहे. भाऊंनी ती बातमी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली, खाली काहीही न लिहिता. नागपुरी माणूस काहीही न लिहिता बातमी टाकतो तेव्हा त्याहून मोठा अपमान नसतो. स्वस्त बंगल्याच्या मालकाला नंबर विचारला, त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. बेगूरच्या बाईंनी मात्र तासाभरात पाठवला. जिरोना भागातल्या अशा घरांचा क्रमांक 'एचयूटीजी'नं सुरू होतो. तेव्हापासून भाऊ कोणत्याही बंगल्याचा फोटो पाहिला की "एचयूटीजी आहे का थे?" असं विचारतात. परवा पेंचच्या रिसॉर्टलाही विचारलं.

परवान्यावर किती माणसं राहू शकतात हे लिहिलेलं असतं. इथं मला वाटलं आता भांडण. गोव्याला गाद्या खाली टाकून जे केलं ते इथंही करायचं भाऊंच्या मनात असणार. पण बाईंनी लिहिलं, की परवाना दहांचा आहे, आणि भाऊ म्हणाले, "मंजूर नकाशा दहाचा आहे, त दहाच." मंजूर नकाशापुढे भाऊ मान तुकवतात. दोन चुलतभावांची नावं कापली गेली आणि ते अजून बोलत नाहीत. प्रत्येकाचा पासपोर्ट आधी पाठवा, तिथे पाहुण्यांची माहिती पोलिसांना द्यावी लागते, हे कळल्यावर इतरांना अपमान वाटला. भाऊंना आनंद झाला. भाडेकरूची पोलीस पडताळणी न करणारा मालक त्यांच्या लेखी मालकच नव्हे.

व्हिसाचं मी लांबवत नाही. माणशी 90 युरो फी, 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेची स्टेटमेंटं. भाऊंच्या फाइलीत सगळं तारखेनुसार होतं. खिडकीपलीकडच्या मुलीनं ती फाइल पाहून पाणी मागवलं.

खरी लढाई सामानाची झाली. वहिनींनी तुपाची बरणी काढली. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तूप राहिलं. संत्र्यांची पेटी निघाली. पाहुण्याकडे जाताना नागपूरकर रिकाम्या हातानं जात नाही, आणि 2014 पासून तर आमच्या संत्र्याला भौगोलिक मानांकनही आहे. तीही राहिली. प्रमाणपत्राशिवाय तिथे पाचच फळं नेता येतात: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. "नारळ चालते?" भाऊंनी तीनदा खात्री करून घेतली. "मंग झालं. उंबऱ्यावर फोडायचाच आहे." व्हॅलेन्सियाची संत्री ज्या देशात पिकतात तिथं आपली संत्री पोचू नयेत, यात काहीतरी राजकारण आहे असं त्यांचं मत आहे. ते मी बदलायला गेलो नाही. ज्वारीचं पीठ, सावजी मसाला आणि कुरड्या मात्र बॅगेत गेल्या.

गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजायच्या रोडग्यांचा विषय राहिला. साठी आहे, मोकळं आवार आहे, आणि रोडगे-वांग्याची भाजी नाही, हे भाऊंना पटेना. बाईंनी कळवलं, की जंगलाला लागून असलेल्या भागात 15 मार्च ते 15 ऑक्टोबर उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी असते. पाइनची झाडं कोरडी असतात, ठिणगी पडली की डोंगर जातो. दुसरा कोणी असता तर रोडगे सोडले असते. भाऊंनी तारीख बदलली. सगळ्यांना जुलै हवा होता. भाऊंनी ऑक्टोबरचा तिसरा शनिवार काढला. बंदी संपलेली, शाळांना दिवाळीची सुट्टी, हंगाम ओसरल्यानं भाडंही खाली आलेलं, आणि वर धनत्रयोदशी. तरी बाईंनी अंगणात गोवऱ्या पेटवू दिल्या नाहीत. रोडगे ओव्हनमध्ये झाले. भाऊंनी चावून पाहिले आणि "ब्रेड आहे" असा शेरा देऊन चार खाल्ले.

आणखी एक हिशेब त्यांच्याच डोक्यात येऊ शकतो. कातालोनियात पाहुण्यांकडून दर रात्रीचा पर्यटन कर घेतात, सतरा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाकडून, पण सलग सातच रात्रींपुरता. हे वाचून भाऊ माझ्या दारात रात्री साडेदहाला आले. "म्हणजे आठव्या रात्रीपासून माफ? मंग दहा दिवस काऊन नाही राहायचं?" तीन रात्रींचं भाडं त्या करापेक्षा कितीतरी जास्त होतं, हे मी दाखवलं. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाडं वेगळं, टॅक्स वेगळा."

मंडळी दहा दिवस राहिली.

भाऊ त्रासदायक आहेत, याबद्दल लेआउटात दुमत नाही. समुद्र पाहायला आलेल्या माणसाला ते मीटरचं रीडिंग घ्यायला लावतात, आल्या आल्या भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढतात, आणि जाताना चमचे मोजतात. पण निघायच्या दिवशी बाई सोफ्यावरच्या डागाचे पैसे कापू लागल्या तेव्हा पहिल्या दिवशीचा, तारीख-वेळेसकट काढलेला त्याच डागाचा फोटो भाऊंनी पुढे धरला. डिपॉझिट पूर्ण परत आलं. ज्यांनी वाटभर त्यांची टिंगल केली होती, त्यांनी विमानतळावर आपापला वाटा मोजून घेतला.

आता लेआउटात दोन-तीन कुटुंबांचं पुढच्या वर्षीचं चाललं आहे, ग्रीसचं एखादं बेट म्हणतात. वाचकांपैकी कोणाला तिकडे घर भाड्यानं घ्यायचं असेल तर पैसे पाठवण्याआधी नोंदणीचा नंबर मागा, तो सरकारी यादीत तपासा, आणि मालक थेट खात्यात पैसे मागत असेल तर फोन ठेवा. स्वतः जमत नसेल तर आमच्याकडे या, संध्याकाळी सहानंतर भाऊ घरीच असतात. फक्त होकायंत्र पाहून या. दक्षिणमुखी असेल तर ते चहासुद्धा विचारणार नाहीत.