उमापूर-१

गेल्या वर्षी उन्हाळी भुईमूग उपटताना बांधाकडच्या एका वेलाला ६१ शेंगा निघाल्या. बाकीच्यांना पंधरा-वीस. तो वेल मी थेट जेवायच्या ताटाजवळ आणला आणि उमापुरात नवं वाण जन्मल्याचं जाहीर केलं. बायको म्हणाली, "अहो, मुळ्यांची माती आमटीत पडतीय."

शेंगा फोडल्या. दाणे भरले बरोबर १०८! शकुन म्हणून पुन्हा मोजले, तर १०४. नातवाचे गाल हलत होते.

जानेवारी सरता ते १०४ दाणे रानाच्या मधोमध टोकले, 'उमापूर-१' अशी पाटी रोवली. काढणीला चार जाणती माणसं बोलावली, चहा पाजला. माझ्या वाणाला वेलामागे शेंगा सतरा, शेजारच्या सरीला अठरा. जाणती माणसं चहाची तारीफ करून उठली.

भाचा शेतकी शिकलेला. म्हणाला, "मामा, तुमचं बी टीएजी-२४. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं, १९९१ सालचं. भुईमुगाचं फूल बहुतेक स्वतःच्याच परागानं फळतं, म्हणजे रानातले सगळे वेल जुळे भाऊ. त्यातला जाडा निवडून काय होणार?" हेच म्हणे डेन्मार्कच्या योहान्सननं १९०३ साली घेवड्यावर दाखवलं होतं. मला खबर लागायला १२० वर्षं उशीर झाला. शेंगांची संख्या जागा-पाण्यावर फार हलते. शंभर दाण्यांचं वजन त्यामानानं रक्तातलं.

"त्या वेलापाशीच मी धारेची बादली विसळायचे," बायको म्हणाली. वर्षभर गप्प होती!

खरं नवं वाण हवं तर संकर करा, असं भाचा बोलून गेला. आता खरिपात संध्याकाळी मी टीएजी-२४ च्या कळ्यांसमोर पालथा पडतो, नाकावर दोन चष्मे, हातात सुनेचा भुवयांचा चिमटा. परागकोश उपटायचे, सकाळी त्याच फुलांवर लातूरकडच्या टपोऱ्या टीएलजी-४५ चा पराग टेकवायचा. वीस कळ्यांपैकी एकोणीस मोडल्या. विसावीची आरी, म्हणजे शेंग धरणारा देठ, मात्र जमिनीत उतरली. तिला लाल दोरा बांधलाय. तिच्यातून दोन दाणे मिळाले तरी पुढं निवडीला पाच-सहा पिढ्या लागणार, आणि माझं वय सत्तर.

नातू रोज दोऱ्यापाशी बसून विचारतो, "आबा, पिकली का?"