अय्या! तिघांनाही ‘तुम्हीच पहिले’?

अहो, अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांचं काय चाललंय, कानावर आलं की नाही? ऑक्टोबर उजाडला की रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या पुढच्या प्रशिक्षणाच्या मुलाखती, त्या पार जानेवारीपर्यंत. बघण्याचे कार्यक्रमच म्हणा ना! आणि २०२० पासून, कोविडच्या कृपेने, बहुतेक सगळे पडद्यावर. वर कडक कोट, टाय. खाली काय, ते विचारू नका. मागे मुद्दाम मांडलेलं पुस्तकांचं कपाट, समोर गोल दिवा. डॉक्टर व्हायचंय की मालिकेत काम मिळवायचंय?

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या रेसिडेंट लोकांशी गप्पा. ‘मोठे डॉक्टर नाहीत, मोकळेपणाने बोला!’ बोलेल बापडा एखादा भोळा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक प्रोग्रामचं, म्हणजे प्रशिक्षण देणाऱ्या विभागाचं, तेच पालुपद: आम्ही म्हणजे एक कुटुंब! आठवड्याला ऐंशी तास राबवून घेणारं कुटुंब, पण ते जाऊ दे.

अर्ज भरतानाच ‘सिग्नल’ द्यायचे. म्हणजे आमचा जीव तुमच्यावर आहे, हे अधिकृतपणे कळवायचं. स्त्रीरोग शाखेने तर प्रत्येकाला ३ सोनेरी आणि १५ रुपेरी सिग्नल दिले होते. हाडांच्या शाखेत ३०! तीस ठिकाणी जीव जडतो म्हणजे ते काळीज आहे की धर्मशाळा?

आपली मंडळीही यात आहेतच. पुण्या-मुंबईत एमबीबीएस करून तिकडे अर्ज टाकणाऱ्यांची मुलाखत न्यूयॉर्कच्या सकाळी आठला, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहाला. ऐन स्वयंपाकाच्या वेळी कुकर लावायचा नाही, बेल वाजवायची नाही, आजोबांनी खोकायचंही नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. मुलाखती झाल्या की उमेदवार आणि प्रोग्राम दोघंही आपापल्या पसंतीची क्रमवार यादी देतात, आणि त्यावरून जोड्या जुळतात. यालाच म्हणतात ‘मॅच’. प्रोग्रामने उमेदवाराला ‘आम्हाला कितव्या नंबरवर ठेवलंस?’ असं विचारायला नियमाने बंदी. उमेदवाराने आपणहून सांगितलं तर मात्र चालतं. मग काय, सुटतात मेल: ‘माझ्या यादीत तुम्हीच पहिले.’ काही महाभाग हाच मेल तिघांना पाठवतात, फक्त नाव बदलून. शोभतं का हे?

बरं, गरज तरी काय? गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली जोड्या जुळवण्यावर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच लग्न होतं. त्याच धाटणीची, अल्विन रॉथ यांनी नव्याने बसवलेली पद्धत १९९८ पासून मॅचमध्ये चालते. रॉथ आणि शॅप्लींना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. सगळ्याचं सार एवढंच की उमेदवाराने यादीत मनातला खरा क्रम लिहावा, त्यातच त्याचा फायदा. म्हणून पोरं यादीत खरं लिहितात आणि शपथा तेवढ्या तीन ठिकाणी घेतात.

प्रोग्रामही काही कमी नाहीत. ‘आमच्या यादीत तू फार वर आहेस हं!’ किती जणांना सांगितलं, देव जाणे. लेखी असो वा तोंडी, बंधन कशाचंच नाही. मोजायची ती फक्त यादी.

मग मार्चमधला मॅचचा आठवडा. सोमवारी कळतं, जमलं की नाही. कुठे, ते शुक्रवारी दुपारी. आणि त्याच आठवड्यात भांडं फुटतं. प्रोग्रामची यादी त्या पोराच्या नावाच्याही खाली उतरलेली, आणि ‘तुम्हीच पहिले’ म्हणणारी स्वारी भलतीकडेच! म्हणजे पठ्ठ्याने थाप मारली होती, हे लगेच कळलं. काही शाखा एवढ्याशा असतात, की पुढच्याच परिषदेत चहाच्या रांगेत तो आणि त्या प्रोग्रामचे प्रमुख समोरासमोर. तेव्हा म्हणे दोघेही हवापाण्याच्या गप्पा मारतात.