वारा नेईल तिकडे, नाश्त्यासह

केनियातल्या मसाई मारात बलूनमध्ये बसायचे माणशी ४५० डॉलर पडले. डॉलरचे रुपये करत बसू नये, असं परदेशात गेलेला प्रत्येक मराठी माणूस दुसऱ्याला सांगतो आणि स्वतः करत बसतो. आमच्या हिने ते करून त्याला साठाने भागलंही. तासाभराची सफर, म्हणजे मिनिटाला साडेसहाशेच्या आसपास. आणि एवढं घेऊन तो बलूनवाला माणूस आदल्या संध्याकाळी हसतमुखाने सांगतो, की बलून नेमका कुठे उतरेल ते सांगता येणार नाही! हेच वाक्य रिक्षावाल्याने टाकलं असतं, तर आम्ही त्याचा बॅज नंबर लिहून घेतला असता.

मग त्याने सर्वांना वजनं विचारली. टोपलीला कप्पे असतात, भार सारखा वाटावा लागतो, कारण अगदी रास्त. पण चारचौघांत? आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी जागच्या जागी पाच-पाच किलोंनी उतरली. हिने सांगितलेला आकडा मी आमच्या लग्नाच्या सुमारास ऐकल्याचं आठवतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका मात्र त्या माणसाला बाजूला घेऊन म्हणाले, "सगळ्यांचे दहा टक्के वाढवून धरा."

विषुववृत्त जवळ, म्हणून स्वेटर बॅगेच्या तळाशी गेलेले. पण मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्याही वर आहे. पहाटेच्या काळोखात आम्ही कुडकुडत उभे, आणि समोर गवतात बलून आडवा पडलेला. आधी मोठाले पंखे लावून त्यात हवा भरली, मग बर्नर पेटवून ती तापवली. टोपलीही आडवीच. तिच्यात पाठीवर निजून, गुडघे वर घेऊन पडायचं. अंतराळवीर असेच निजतात म्हणे, पण त्यांना त्याचा पगार मिळतो.

"मला फक्त वर आणि खाली जाता येतं," पायलटने सांगून टाकलं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशांना वाहतो. बर्नर मारून चढायचं, माथ्यावरची झडप उघडून उतरायचं आणि सोयीचा वारा सापडतो का ते बघायचं.

"आणि ब्रेक?" काकांनी विचारलं.

"जमीन."

१७८३ मध्ये व्हर्सायला राजासमोर बलून उडाला तेव्हा त्यात मेंढी, बदक आणि कोंबडा बसवले होते. माणसांचा नंबर नंतर लागला. फ्रेंच लोकांच्या शहाणपणाबद्दल माझं मत तेव्हापासून चांगलं आहे. आपले विजयपत सिंघानिया २००५ मध्ये मुंबईहून उडाले, २१ किलोमीटर उंचीचा विक्रम केला आणि उतरले नाशिक जिल्ह्यात. हिचं माहेर नाशिक. "वाऱ्यालाही कळतं," एवढंच ती म्हणाली.

"गणपती बाप्पा मोरया" झालं आणि जमीन खाली गेली. धक्का नाही, घरघर नाही. बर्नर बंद असला की इतकी शांतता, की खालच्या झेब्र्यांचं भुंकणं ऐकू यावं. (झेब्रा भुंकतो. मीही आधी विश्वास ठेवला नव्हता.) बर्नर पेटला की टाळू भाजायची आणि पाय गारठलेलेच राहायचे. काकांना टक्कल. त्यांनी रुमाल बांधला. खाली विल्डबीस्टच्या रांगा वळणं घेत क्षितिजापर्यंत गेल्या होत्या. दर वर्षी दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट गवताच्या मागे सेरेंगेटीभर फिरतात, त्यांतली लाखो इथे येतात. तेवढ्या सगळ्यांत रस्ता विचारणारं एकही दिसलं नाही. रात्रभर चरून नदीकडे परतणारा एक पाणघोडा बर्नरच्या आवाजाने असा काही पळत सुटला, की त्याचं वजन कोणी विचारलं नसणार याची खात्री पटली. सिंह मात्र दिसला नाही. हिने पायलटला "थोडं डावीकडे घ्या" असं दोनदा सुचवून पाहिलं.

उतरताना टोपलीत खाली बसायचं, पाठ टेकायची आणि दोरीच्या मुठी घट्ट धरायच्या. एक आपट, दुसरी आपट, मग गवतातून फरफट, आणि टोपली हळूच कलंडली. चढताना बाप्पा सर्वांचा एकच होता. उतरताना जो तो आपापल्या कुलदैवताला स्वतंत्रपणे बोलावत होता.

आमच्या मागे धावत आलेल्या जीपमधून टेबलं उतरली, ऑम्लेट, सॉसेज आणि शॅम्पेन आली. बलून शेतात उतरल्यावर घाबरलेल्या शेतकऱ्यांची समजूत घालायला फ्रेंच लोक शॅम्पेनची बाटली जवळ ठेवायचे, अशी दंतकथा आहे. इथे घाबरलेले फक्त आम्हीच होतो. बाटली योग्य ठिकाणी पोचली.

एवढ्यात कोणीतरी मोबाईलमध्ये डोकावून आज संकष्टी असल्याचं जाहीर केलं. काटे-चमचे थांबले. हिने पश्चिमेकडे मान वळवली. ओलोलोलोच्या कड्यावर रात्रीचा चंद्र अजून टिकून होता.

"चंद्रदर्शन झालंय. सोडा उपास."

"अहो, पण हा कालचा उगवलेला," काका म्हणाले.

"मग तुम्ही रात्रीपर्यंत थांबा," असं म्हणून तिने त्यांच्या ताटलीतली सॉसेजं आपल्याकडे ओढून घेतली.