मोटरहोममध्ये टीव्हीची नवी केबल: नवशिक्यांसाठी

अमेरिकेत जुनं मोटरहोम घेतलंत आणि टीव्ही चालत नाही. पूर्वी निदान मुंग्या तरी दिसायच्या. २००९ च्या जूनमध्ये तिथली मोठी केंद्रं डिजिटल झाली, तेव्हापासून चित्राचे चौकोनी तुकडे होतात किंवा नुसता निळा पडदा.

आधी टीव्हीजवळच्या पट्टीवरचं बारकं बटण दाबा. दिवा लागला की त्याच केबलमधून १२ व्होल्ट छपरावरच्या अँटेनाच्या बूस्टरला जातात. कॅम्पग्राउंडची केबल जोडली असेल तर उलट, दिवा बंद हवा. पुष्कळांचं काम इथंच भागतं. पण तुम्ही आरजी-६ केबलचं ५० फुटांचं वेटोळं आधीच आणून ठेवलंय, तेव्हा पुढे वाचा.

गाडीतली जुनी केबल बहुधा आरजी-५९ असते. दोन्ही ७५ ओहमच्याच, पण जुनी बारीक आणि सिग्नल जास्त खाणारी. जुनीच्या टोकाला नवी बांधून पलीकडून ओढा, असं शेजारचा मोटरहोमवाला सांगेल. माणूस सज्जन आहे, ऐकू नका. कारखान्यात आधी सांगाडा उभा करतात, त्याला केबल स्टेपलनं ठोकतात आणि मग वरून भिंत बसवतात. म्हणजे केबल गाडीत घातलेली नसते, गाडी केबलभोवती बांधलेली असते. मी ओढली. हातभर तुकडा आला आणि मी मागच्या पलंगावर.

मग मार्ग कुठला? वरच्या कपाटांतून. एका कपाटातून दुसऱ्यात, मागच्या कोपऱ्यातून भोकं पाडत जा. त्याआधी कपाटं रिकामी करा: पोहे, मेतकूट, तीन कुकरच्या शिट्ट्या, हरवलेला पासपोर्ट. हे सामान बाहेर गवतावर मांडलंत की सगळं कॅम्पग्राउंड चौकशीला येतं आणि प्रत्येकाकडे सल्ला असतो. ड्रिल मात्र कुणाच्या हाती देऊ नका. जेमतेम दोन इंचांच्या भिंतीत १२० व्होल्टच्या तारा असतात, आणि जमिनीखालून प्रोपेनची नळी गेलेली असते. भोक पडल्यावर ती सापडू नये. बाजूला सरकणारी खोली असेल तर तिथं केबल ऐसपैस सोडा, नाहीतर खोली आत घेताना ती अडकित्त्यात सुपारी धरावी तशी धरली जाते.

आता टोक. वरचं काळं साल काढा, जाळी मागे दुमडा, पांढरा फोम कापा. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला शिवला, तरी सगळा दिवस वाया. हे काम स्वयंपाकघरातल्या सुरीनं होतं असं म्हणणाऱ्यांची बोटं पाहून घ्यावीत. कनेक्टर दाबायचं खास हत्यार मिळतं, ते घ्या.

केबल छपरातून जिथं आत येते त्या भोकाला छपरासाठीचाच सीलंट भरा आणि निघण्याआधी अँटेना खाली करा. का, ते पहिल्या झाडाखाली कळेल.

शेवटची पायरी म्हणजे टीव्ही लावणे. जागा आधी ठरवू नये. केबल जिथून बाहेर येईल, तीच जागा. आमचा शेगडीच्या बाजूला, मसाल्यांच्या कपाटात आहे. चित्र स्वच्छ येतं. फोडणीच्या वेळी तेवढं दार लावून घ्यावं लागतं, आणि बातम्या नेमक्या तेव्हाच असतात.