जिल्हा होणार, होणार!

१९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४चा. त्यानंतर नवे जिल्हे जन्मतात ते फक्त प्रचारसभेत. नगरचेच बघा. क्षेत्रफळात राज्यात पहिला, तालुके चौदा. विभाजन हवे, यावर बहुतेकांचे एकमत. घोडे पेंड खाते ते मुख्यालयावर. संगमनेर म्हणते इथे, श्रीरामपूर म्हणते इथे, शिर्डीही रांगेत. शेवटी जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, हद्द मात्र तसूभर हलली नाही. अकोले तालुक्यातल्या शेतकऱ्याचा कलेक्टर कचेरीतल्या एका कागदापायी अजूनही अख्खा दिवस मोडतो. स्वतंत्र जिल्ह्याची वाट पाहणाऱ्या मालेगावकरांनो, उदगीरकरांनो, 'जिल्हाधिकारी कार्यालय' अशी पाटी खुशाल रंगवून ठेवा. उद्‌घाटनाची तारीख तेवढी कोरी सोडा.