दगडांच्या गावात दगडबाग

कन्नडमध्ये दगडाला ‘कल्लु’ म्हणतात, आणि कलबुर्गी हे नाव त्यावरूनच पडलं असं आमच्याकडे सांगतात. २०१४ साली गुलबर्ग्याचं अधिकृत नाव कलबुर्गी झालं, तेव्हा गावाने आपला दगड कागदोपत्रीही परत मिळवला म्हणायचा. तिकडे शहाबादची फरशी, इकडे आमच्या बिदरला जांभा. किल्ल्याचा खंदकसुद्धा जांभ्यातच खोदलेला. अशा मुलखात माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेतातले दगड वेचून बांधावर टाकत आली. पैसे मोजून ते घरी आणणारा बहुधा मीच पहिला.

टेम्पो अंगणात रिकामा झाला तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, “वरचा मजला काढताय का?”

“नाही काका, बाग करतोय.”

ते बराच वेळ दगडांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हौ.” आमच्याकडच्या ‘हौ’मध्ये होकार, शंका आणि सहानुभूती तिन्ही मावतात.

बाग करायची होती ती गुबगुबीत पानांच्या, थंडीला न डरणाऱ्या फुलझाडांची. हैदराबादच्या एका नर्सरीवाल्याने दोन जाती हातात ठेवल्या. एक सेम्परव्हिव्हम, पानंच गुलाबासारखी रचलेली. दुसरी डेलोस्पर्मा, शेवंतीच्या घाटाची किरमिजी फुलं देणारी. “बरफ में भी नै मरता, साब,” तो म्हणाला. बिदरात बर्फ दिसतो तो उसाच्या रसात. पण डिसेंबरात राज्यातलं नीचांकी तापमान म्हणून आमचं नाव अधूनमधून पेपरात येतं आणि मफलर गुंडाळून आम्ही ते अभिमानाने वाचतो. त्या अभिमानापायी मी पैसे दिले.

सेम्परव्हिव्हमचं घराणं मोठं. शार्लमेन बादशहाने बाराशे वर्षांपूर्वी फर्मान काढलं होतं, की माळ्याने आपल्या घराच्या छपरावर हे झाड लावावं. त्याने वीज पडत नाही अशी तिकडे समजूत होती. आमच्या जुन्या माळवदांवर पावसाळ्यात गवत आपोआप उगवायचं. त्यासाठी कुठल्या बादशहाला फर्मान काढावं लागलं नाही.

बादशाही झाड म्हणून मी बडदास्त ठेवली. काळी माती घातली, रोज सकाळी झारीने पाणी दिलं, ऊन लागू नये म्हणून जुनं धोतर बांधलं. आई ओसरीवरून बघत होती. म्हणाली, “अरे, ते डोंगरावरचं आहे ना? मग त्याला जावयासारखं का वागवतोस?” जुलैत झड लागली. आठव्या दिवशी बोट लावलं तर गुलाबाचा शिजलेल्या वांग्यासारखा लगदा हाताला आला. डेलोस्पर्माने मे महिन्यापर्यंत तग धरला, तोही माझ्या नजरेआड एका कोपऱ्यात राहिला म्हणून.

मग अक्कल आली. बर्फ सोसणाऱ्या झाडाला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. शिवाय ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि गार रात्री उघडून हवा घेतात. तेव्हा साठवलेल्या हवेचं पानात आम्ल होतं आणि दिवसभर उन्हात त्यावर स्वयंपाक चालतो. आमच्या मे महिन्यात रात्रीही तापतात. बिचाऱ्यांनी खिडकी उघडायची तरी कधी?

गंमत म्हणजे या रात्रीच्या कारभाराची एक सुरुवातीची नोंद झाली ती आपल्या पानफुटीवरून. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हेन यांनी तिची पानं चाखून बघितली. सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडसर. १८१३ साली त्यांनी ही गोष्ट लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवली. पानफुटी आणि सेम्परव्हिव्हम एकाच कुळातली, म्हणजे बादशहाच्या छपरावरची पाहुणी आमच्या परसातलीची चुलत बहीण निघाली.

आणि परसातली ती कधीच बागेत आली होती. आईने झाडताना उडालेलं एक पान जांभ्याच्या खोबणीत अडकलं, त्याच्या दातेरी कडेला मोहरीएवढी रोपं फुटली. ना माती, ना झारी, ना धोतर. पुढच्या वर्षीच्या थंडीत, मी मफलर गुंडाळून बसलो असताना, तिने हातभर दांडा काढून लालसर कंदिलांची रांग लटकवली. नर्सरीवाल्याला विचारलं, तर तो तिला पत्थरचट्टा म्हणतो. दगडबागेला याहून शोभेलसं नाव कुठलं?

तेव्हा दगडबाग करायचीच असेल, तर काळ्या मातीत निम्म्याहून जास्त मुरूम आणि खडी मिसळा, वाफा उतरता ठेवा आणि पावसाळ्यात झारी माळ्यावर टाका. सुरुवात पानफुटीने करा. पान हवं असेल तर बिदरला या. दगडही देईन, फुकट.